माईच्या कॉम्प्युटरचं काय करायचं

"नको म्हणजे नको," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता. पण आयुष्यभर दुकानात बसून लोकांना चष्मे करून दिलेल्या या माणसाला एखादा विषय संपवायचा असला की त्यांचा हात आपोआप चष्म्याकडे जायचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

विषय काही संपला नाही. त्यासाठीच तर ताई सकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाहून आली होती. रविवार असूनही शाळेला निघाल्यासारखी नीटनेटकी तयार होऊन आली होती, आणि आल्या आल्या तिने जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढून खोलीच्या मधोमध मांडली होती. मुख्याध्यापिका झाल्यापासून ती जिथे बसेल तिथे सभा भरायची.

"आप्पा, 'नको' हे काही कारण नाही झालं," ती म्हणाली. "का नको, ते सांगा."

"चाललंय ना नीट? मग कशाला उगाच हात लावायचा?"

"नीट कुठे चाललंय? बँकेचं पान उघडत नाही. माझ्याशी बोलताना तुमचं तोंड हलतं आणि आवाज मागून येतो. आणि उद्या कुणी चोर आत शिरला तर त्याला अडवणारं काही नाही त्यात. विचारा याला."

'याला' म्हणजे धाकट्या भावाला. त्याला घरात सगळे खटपट्या म्हणत. लहानपणी त्याने घरातलं घड्याळ, इस्त्री आणि माईचं शिवणयंत्र खोलून ठेवलं होतं. त्यातल्या दोन वस्तू परत जुळल्या. आता तो रुग्णालयातली यंत्रं दुरुस्त करायचा आणि बायकोबरोबर याच घरात, मागच्या खोलीत राहायचा.

"चोराचं म्हणाल तर ताईचं बरोबर आहे," खटपट्या म्हणाला. ताईचं बरोबर आहे असं तो गेल्या दोन वर्षांत क्वचितच म्हणाला होता, त्यामुळे ताईनेही जरा चमकून त्याच्याकडे पाहिलं.

खिडकीखालच्या टेबलावर माईचा कॉम्प्युटर होता. पडद्याच्या मधोमध गेले काही दिवस एकच चौकट उगवायची. ही सिस्टिम आता जुनी झाली आहे, नवी बसवायची का, असं त्यात विचारलेलं असे आणि खाली दोन बटणं, 'आत्ता' आणि 'नंतर'. आप्पांना कॉम्प्युटरमधलं काही म्हणजे काही येत नसे. पण 'नंतर' कुठे दाबायचं एवढं त्यांनी शिकून घेतलं होतं, आणि माई सकाळी खुर्चीत बसायच्या आधी ते जाऊन ते दाबून येत.

माई या सगळ्यांच्या मधे बसून शेंगा सोलत होती. ती पूर्वी छापखान्यात जुळारी होती. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायची. छापखाना बंद पडला, खिळे वितळायला गेले, तेव्हा तिथूनच निघणाऱ्या साप्ताहिकाच्या संपादकांनी तिला शब्दकोडं करायला दिलं. तेव्हापासून दर आठवड्याला माईचं एक कोडं छापून यायचं. आडवे शब्द, उभे शब्द, मधली काळी घरं, सगळं ती याच कॉम्प्युटरवर, एका जुन्या प्रोग्रॅममध्ये जुळवायची.

पेच तिथेच होता, आणि तो खटपट्याने पुन्हा एकदा सगळ्यांना समजावून सांगितला. साप्ताहिकाच्या कचेरीतून फोन आला होता की पुढच्या महिन्यापासून कोडं त्यांच्या नव्या साइटवरच भरायचं. ती साइट या जुन्या सिस्टिमवर उघडत नाही. नवी सिस्टिम घातली तर साइट उघडेल, पण माईचा जुना प्रोग्रॅम चालायचा नाही.

"म्हणजे बदललं तर माईला सगळं नव्याने शिकायला लागणार," तो म्हणाला. "आणि नाही बदललं तर कोडं बंद."

"बंद झालं तर झालं," आप्पा म्हणाले. "पुष्कळ कोडी केली तिने. आता जरा आराम करू दे."

शेंगा सोलणारे माईचे हात थांबले, आणि पुन्हा चालू लागले.

"आप्पा, तिच्या कोड्याचा निर्णय तुम्ही घेणार?" ताई म्हणाली. "माई, तुला काय वाटतं?"

"मला काय," माई म्हणाली. "सगळे ठरवा. मी ऐकतेय."

"आधी करून तर बघ," खटपट्या म्हणाला, आणि त्याने आपला लॅपटॉप आणून तिच्यासमोर ठेवला. "यात नवी सिस्टिम आहे. साइट उघडून ठेवलीय. जमतंय असं वाटलं तर बदलू."

आप्पांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ते माईच्या शेजारी येऊन उभे राहिले.

सूनबाई दारात टेकून हे बघत होती. ती औषधांच्या दुकानात काम करायची. काउंटरपलीकडच्या माणसाला गोळ्या कशा घ्यायच्या ते खरंच कळलं, की त्याने नुसती मान डोलावली, हे ओळखणं तिच्या रोजच्या कामातलं होतं.

"हा रिकामा चौकोन," खटपट्या सांगत होता. "जिथे टिचकी मारशील ते घर काळं होतं. इकडे अक्षर घालायचं, इकडे खाली सूचक वाक्य लिहायचं. बस, एवढंच."

"बरं," माई म्हणाली. तिने एक घर काळं केलं. मग दुसरं. मग तिचा हात माऊसवर तसाच राहिला. "आणि झाल्यावर हे ठेवायचं कुठे?"

"ठेवायला नाही लागत. आपोआप राहतं."

"बरं." तिने आणखी एक घर काळं केलं. खटपट्या खाली वाकून चार्जरची पिन शोधू लागला. "पण हे ठेवायचं कुठे रे?"

"आपोआप राहतं म्हणे," आप्पा म्हणाले.

"हो का." माई थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली. तिची तर्जनी हवेत जराशी हलली, जुन्या प्रोग्रॅममधलं कुठलंतरी बटण तिथे असावं तशी. "आणि ठेवायचं कुठे?"

"आपोआप राहतं," आप्पा म्हणाले.

सूनबाईने आप्पांकडे पाहिलं. एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगावी लागली की माणसाचा आवाज चढतो, नाहीतर त्याला हसू येतं. आप्पांचं यातलं काहीच झालं नव्हतं. पहिल्यांदाच कुणी विचारल्यासारखं त्यांनी उत्तर दिलं होतं. असं बोलायला सराव लागतो, हे तिच्या लक्षात आलं.

"डोळे दुखले गं बाई," माई म्हणाली आणि तिने लॅपटॉप बाजूला सरकवला. "चहा टाकते सगळ्यांना."

"तू बस, मी टाकतो," म्हणत आप्पा आत वळले. सूनबाई त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली.

आप्पांनी पातेल्यात पाणी घेतलं. सूनबाईने कप मांडले. बाहेर ताई काहीतरी बोलत होती, तिचा सभेतला आवाज इथपर्यंत येत होता.

"आप्पा, हे कधीपासून आहे?" सूनबाईने हळू विचारलं.

"काय?"

तिने बाहेरच्या खोलीकडे मान केली. त्यांनी साखरेचा डबा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला.

"दुकान विकलं त्याच्याही आधीपासून," आप्पा म्हणाले. "एकदा दुकानातून घरी आलो तर ती दाराबाहेर उभी होती. किल्ली हातात होती. किल्लीचं काय करायचं ते आठवत नव्हतं तिला. मला बघून हसली. म्हणाली, तुमचीच वाट बघत होते. मग मी दुकान विकलं. घरी कुणीतरी असायला नको?"

"आणि तुम्ही कुणाला काहीच बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? त्या जुन्या कॉम्प्युटरवर बसली ना, की तिला विचार करावा लागत नाही. हात आपोआप चालतात. एखादा शब्द अडला तर मी शेजारी बसून सहज बोलल्यासारखं काहीतरी बोलतो. तिला वाटतं तिलाच सुचला. कोडं पुरं होतं. छापून येतं. ती खूश असते आठवडाभर." त्यांनी गॅस बारीक केला. "तो बदलला की तिला कळेल गं."

"काय कळेल?"

"तिला काय होतंय ते."

"म्हणजे माईंना माहीत नाही?"

"नाही. आणि कळायलाही नको. तू बोलू नकोस. खटपट्यालाही नको."

सूनबाईला त्यांचा हात हातात घ्यावासा वाटला. पण तिचं आणि त्यांचं नातं आजवर तसं हात धरण्याचं नव्हतं. तिने फडकं घेतलं आणि कोरडाच असलेला ट्रे पुसून काढला. मग त्यांनी भरलेले कप त्यात ठेवून ती पुढे बाहेर आली.

"तर मग असं करू," ताई म्हणत होती. "आज सिस्टिम बदलायची, आणि शिकायचं हळूहळू. पंधरा मिनिटं रोज."

"मला वाटतं, राहू द्यावं जुनंच," सूनबाई म्हणाली.

खटपट्याने कप उचलता उचलता वर पाहिलं. "अगं, तूच तर महिनाभर माझ्या मागे लागली होतीस. बँकेचे पैसे जातील, अमुक होईल, तमुक होईल."

"मत बदललं माझं."

"कशाने?"

"असंच."

ताईने कप खाली ठेवला. सूनबाई आत गेली तेव्हा एका बाजूला होती आणि बाहेर आली ती दुसऱ्या बाजूची होऊन, आणि मागून आलेले आप्पा कुणाच्याच डोळ्याला डोळा देत नव्हते. ताईला हे सगळं ओळखीचं वाटलं, आणि जुनी जखम कुणी दाबावी तसं झालं.

"पुन्हा तेच," ती म्हणाली. "दुकानाच्या वेळीही असंच केलंत तुम्ही. सगळे आत जाऊन बोललात आणि मला बाहेर निर्णय कळला. मी त्या दुकानात लहानाची मोठी झाले. शाळेतून आले की मागच्या बाकावर बसून अभ्यास करायचे. मला एका शब्दाने विचारलंत?" ती भावाकडे वळली. "तूच गळ घातलीस आप्पांना. तुला हातात सुट्टं काहीतरी हवं होतं."

"मी नव्हती घातली गळ. किती वेळा सांगू?"

"मग चालतं दुकान कुणी असं विकून टाकतं?"

खटपट्यालाही ते कोडंच होतं, आणि ताईला दुसरं काही सांगता येत नाही म्हणून दोन वर्षं तो तिचा राग अंगावर घेत आला होता. आप्पांनी पुन्हा चष्मा काढला.

"दुकान माझ्यामुळे विकलं," माई म्हणाली.

"अगं, काहीतरीच काय—"

"अहो, राहू द्या आता." माईने शेंगांचं ताट बाजूला ठेवलं आणि पदराला हात पुसले. "मला विसरायला होतं, ताई. नेहमीचं विसरणं नाही. नेहमीचं विसरलं की शब्द जिभेवर असतो, नुसता बाहेर पडत नाही. हा जिभेवर नसतोच. त्याच्या जागी काळं घर असतं."

खालच्या रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि खिडकीची काच थरथरली.

"तुला माहीत होतं?" आप्पांनी विचारलं. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की सूनबाईने मान खाली घातली.

"डोकं माझं आहे. मला आधी कळणार की तुम्हाला? डॉक्टरांकडेही जाऊन आले मी. तुम्हाला बाजारात जाते असं सांगून. शेजारच्या बाईंना घेऊन गेले होते. एक गोळी दिलीय, ती चण्याच्या डब्यात ठेवते. हळूहळू वाढेल म्हणाले. किती हळू ते त्यांनाही सांगता येईना."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं मन लावून लपवत होतात," माई म्हणाली. "म्हटलं, करू दे. माझ्यापासून कधी एक वाढदिवसाची साडी लपवता आली नाही तुम्हाला, आणि हे चाललं होतं तुमच्या समजुतीप्रमाणे झकास. मोडवेना माझ्याने."

"पण कळलं कसं तुला, मी ... मी मदत करतो ते?"

"अहो, पूर्वी माझ्या कोड्यात काय काय असायचं. नदी असायची, भांडी, झाडं, एखादा राजा. हल्ली बघावं तर पापणी, भिंग, काजळ, बाहुली, आरसा. उभं बघा नाहीतर आडवं बघा, डोळाच डोळा. गेल्या आठवड्यात तर मोतीबिंदू आला होता मधोमध. शब्द कुणाचे आहेत ते मला कळणार नाही का?"

खटपट्याला एकदम हसू फुटलं, आणि ते अर्ध्यावर असतानाच त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. त्याने तोंडावर हात दाबून धरला.

"मला दुसरे शब्द कुठे येतात," आप्पा म्हणाले.

ताई खुर्चीतून उठली. ती माईच्या पायांशी जमिनीवर येऊन बसली आणि तिने माईच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. इस्त्रीची साडी चुरगळली, ती तिने चुरगळू दिली.

"काही बदलायचं नाही," ती म्हणाली. "कॉम्प्युटरला हात लावायचा नाही कुणी. आहे ते सगळं आहे तिथे राहू दे. मी बोलते साप्ताहिकाच्या संपादकांशी. मी स्वतः येऊन भरेन तुझं कोडं त्यांच्या त्या साइटवर. तू जुन्यावरच कर."

"मीसुद्धा तेच म्हणतोय सकाळपासून," आप्पा म्हणाले.

"आणि हे बघ," खटपट्या पुढे झाला. काहीतरी करण्यासारखं सापडलं म्हणून त्याचा आवाज जरा सावरला. "नवी सिस्टिम घातली तरी तिच्या आत एका कोपऱ्यात मला जुनी ठेवता येईल. तो कोपरा उघडलास की तुझं सगळं तसंच्या तसं. तोच प्रोग्रॅम, तीच बटणं. थोडं हळू चालेल, पण चालेल."

माई ताईच्या केसांवरून हात फिरवत होती. तो हात मधेच थांबला. खिडकीखालच्या त्या पडद्याकडे तिने पाहिलं. तिथलं प्रत्येक बटण तिला डोळे मिटून सापडायचं. घरातला चहाचा डबासुद्धा आता तसा सापडत नव्हता. मुलगा म्हणत होता ते करता येण्यासारखं होतं, आणि मोह पडण्यासारखंही होतं.

"गंमत बघा," ती म्हणाली. "सकाळी निम्मे 'हो' म्हणत होतात. आता सगळेच 'नको' म्हणता. 'हो' म्हणणारी मी एकटीच उरले."

"माई—"

"ऐका जरा. तो कोपरा असला ना, की मी तिकडेच जाऊन बसेन. मी ओळखते मला. आणि हे शेजारी बसून मला पापण्या आणि भिंगं पुरवत राहतील. मग एक दिवस तो कोपराही मला येईनासा होईल. तेव्हा यांचं काय? यांना 'नंतर' दाबण्यापलीकडे काही येत नाही. बिल भरता येत नाही. ताईला फोन लावून तिचं तोंड बघता येत नाही. तिकिटं काढता येत नाहीत. इतकी वर्षं सगळं मी करत आले, म्हणून ते शिकलेच नाहीत. त्या जुन्यात मी हुशार आणि हे अडाणी. त्यामुळे कधी बसलेच नाहीत त्या खुर्चीत."

ती आप्पांकडे वळली.

"नव्यात दोघंही अडाणी असू. एका वर्गात बसू. मला शिकता येतंय तोवर मी शिकते, तुम्ही माझ्याबरोबर शिका. मी दोनदा विचारेन, चारदा विचारेन. तुम्हाला सांगायची सवय आहेच. आणि माझं सगळं पुसलं जाईल तेव्हा तुमच्या लक्षात असेल."

आप्पांना दुकानातली खुर्ची आठवत होती. त्या खुर्चीत माणूस बसायचा, त्याच्या डोळ्यांसमोर ते एक काच धरायचे, मग दुसरी, आणि विचारायचे, हे बरं दिसतं की हे? नवा चष्मा लावून उठलेला माणूस हमखास तक्रार करायचा. जमीन उतरती दिसते, पायरी चुकते, जुनाच बरा होता. आणि ते त्याला सांगायचे, दोन दिवस वापरा, डोळा सरावतो. आयुष्यभर हे लोकांना सांगितलं होतं. स्वतःला सांगायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांचे पाय जमिनीला चिकटले होते.

त्यांना एक गोष्ट उशिरा उमगली. गेली दोन वर्षं आपण हिला सांभाळतोय असं ते धरून चालले होते, आणि तेवढाच वेळ ती त्यांना सांभाळत होती.

ते उठले, खिडकीपाशी गेले आणि माईच्या खुर्चीत बसले. पडद्यावर ती चौकट पुन्हा आलेली होती. त्यांनी माऊस धरला. बाण सवयीने 'नंतर'कडे गेला आणि थांबला.

"दाबू?" त्यांनी विचारलं.

"दाबा," माई म्हणाली.

"अहो आप्पा, थांबा," खटपट्या धावला आणि त्याने त्यांचं मनगट धरलं. "आधी तिची सगळी कोडी दुसरीकडे काढून ठेवू द्या. इतके दिवस थांबलात, आणखी अर्धा तास थांबा."

तेव्हा पहिल्यांदा सगळे एकदम हसले. ताईसुद्धा, नाक पुसत.

खटपट्याने एक छोटी डिस्क आणून जोडली आणि वर्षानुवर्षांची कोडी त्यात उतरवली. मग त्याने पुन्हा आप्पांना खुर्चीत बसवलं, आणि आप्पांनी 'आत्ता' दाबलं. पडदा काळा झाला. मधोमध एक गोल फिरू लागला आणि त्याखाली टक्के दिसू लागले. रुग्णालयात आतल्या माणसासाठी बसावं तसे सगळे त्यासमोर बसले, पण टक्के काही केल्या हलेनात, तेव्हा एकेक जण उठला.

ताई गच्चीच्या दारात जाऊन उभी राहिली. खटपट्या तिच्या मागे गेला.

"दुकानावरून मी तुला फार बोलले," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

"बोललीस."

"मग तू मला खडसावलं का नाहीस?"

"खडसावलं होतं. तू ऐकून कुठे घेतेस." तो कठड्याला टेकला. "मी याच घरात राहतो, ताई. एका छपराखाली. मला दिसलं नाही. यंत्राचा आवाज जरा बदलला तरी मला बाहेरून कळतं, आणि आईचं कळलं नाही."

"त्या दोघांनी कळू दिलं नाही." ताईने त्याच्या दंडाला धरलं. "मी बुधवारी शाळा सुटली की इथे येत जाईन. रात्री राहीन. तू तुझ्या बायकोला विचार, चालेल का."

"ती विचारायची वाट बघणार नाही. तुझी उशी काढून ठेवेल."

आतून सूनबाईने हाक मारली. पडदा उजळला होता.

सगळं निळसर आणि मोकळं होतं. जुनी चित्रं गेली होती, बटणं कुठच्या कुठे गेली होती. माईने एकदा सगळीकडे नजर फिरवली आणि तिचा हात गळ्यापाशी गेला. आप्पांनी ते पाहिलं. त्यांनी शेजारची खुर्ची आपल्याजवळ ओढून घेतली, आणि माई तिच्यात येऊन बसली.

"कुणाच्या नावाने चालू करू, असं विचारतोय तो," खटपट्या म्हणाला.

"यांच्या," माई म्हणाली.

आप्पांनी एका बोटाने आपलं नाव लिहिलं. त्याला बराच वेळ लागला. मग खटपट्याने साप्ताहिकाची साइट उघडून दिली आणि तो मागे सरला. रिकामा चौकोन पडद्यावर आला.

"आता काय करायचं?" आप्पांनी माईला विचारलं.

"मला काय विचारता," माई म्हणाली. "मीही आजच आलेय इथे."

मग दोघांनी मिळून काळी घरं पाडली. एक घर चुकीच्या जागी पडलं, ते कसं पुसायचं ते कुणाला माहीत नव्हतं. सूनबाईला माहीत होतं, पण ती गप्प राहिली, आणि थोड्या वेळाने ते आप्पांना सापडलं.

"पहिला आडवा," ते म्हणाले. "तीन घरांचा."

माई पडद्याकडे बघत राहिली. बराच वेळ गेला. आप्पांच्या ओठांवर 'पापणी' येऊन उभी होती. त्यांनी ती गिळली आणि ते वाट बघत बसले. ताईने सूनबाईचा हात घट्ट धरला होता.

"डावीकडून वाचा की उजवीकडून," माई सावकाश म्हणाली, "एकच येतं."

"आरसा?"

"उलटा वाचा बघू. सा, र, आ. काय झालं ते? आणि पुन्हा डोळ्यांपाशीच आलात." ती हसली. "नवीन. न, वी, न. लिहा."

आप्पांनी न शोधला आणि घातला. मग पुढच्या घरात त्यांनी जे उमटवलं ते बघून माईने मान हलवली.

"ऱ्हस्व नको. वी दीर्घ हवा."

आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ते कीबोर्डवर अगदी वाकले. त्यांचं बोट अक्षरांवरून इकडून तिकडे फिरू लागलं. दाखवायला म्हणून ताई पुढे झाली, तर माईने मागे न बघताच हात आडवा धरून तिला थांबवलं.

"सावकाश शोधा," ती आप्पांना म्हणाली. "इथेच कुठेतरी असेल."